सालाचा शब्द

२४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सगळा देश घरात बसला. उजाडला तो गुढीपाडवा. त्या सकाळी जे नवं वर्ष लागलं त्याचं नाव होतं शार्वरी. शार्वरी म्हणजे रात्र.

हे नाव कुणी साथ पाहून ठेवलेलं नव्हतं. ते शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं आणि आपल्या पाळीनं आलं. पुढचा पाडवा आला १३ एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. त्या वर्षाचं नाव होतं प्लव, म्हणजे तराफा, पाण्यावरून तरून नेणारी होडी. पहिल्यांदा ही दोन नावं शेजारी शेजारी वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

नव्या वर्षासाठी एकच शब्द निवडायचा आणि वर्षभर त्याच्या मागं चालायचं, ही रीत गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकेतून जगभर पसरली. कुणी ‘संयम’ निवडतं, कुणी ‘धीर’, कुणी ‘आरोग्य’. जपानात वर्ष सरताना असाच एक शब्द ठरतो. डिसेंबरात क्योटोच्या कियोमिझु मंदिरात मुख्य पुजारी भल्यामोठ्या कुंचल्यानं वर्षाचं चिन्ह लिहितात. हे १९९५ साली सुरू झालं, कोबेच्या भूकंपाच्या वर्षी, आणि पहिलं चिन्ह होतं हादऱ्याचं. आपल्याकडची गोष्ट मात्र उलट दिशेनं चालते. इथं वर्ष शब्द घेऊनच जन्माला येतं. माणसानं फक्त तो ऐकायचा असतो.

पंचांगात अशी साठ नावं आहेत. प्रभव, विभव, शुक्ल इथून सुरुवात, आणि शेवटी रक्ताक्षी, क्रोधन, क्षय. साठ संपली की पुन्हा प्रभव. तुमच्या जन्मवर्षाचं नाव काढणं सोपं आहे. जन्म पाडव्यानंतरचा असेल तर इसवी सनातून ७८ वजा करा, आधीचा असेल तर ७९. हा झाला शालिवाहन शक. त्यात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो यादीतला क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावं. १९४७च्या ऑगस्टचा शक १८६९. त्यात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकी राहते २१, आणि एकविसावं नाव आहे सर्वजित, सगळं जिंकणारं. देश स्वतंत्र झाला तो सर्वजित संवत्सरात. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ला, पुढच्या म्हणजे सर्वधारी संवत्सरात. आणि १९७२च्या दुष्काळाचं वर्ष होतं परिधावी, चहूकडे धावणारं. त्या साली खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला गावंच्या गावं धावली होती.

इथवर आलं की मन लगेच म्हणतं, नावात काहीतरी आहे. म्हणूनच आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याच्या आजच्या उमरगा आणि लोहारा तालुक्यांतलीही घरं मातीच्या ढिगाऱ्यात गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं उठलीच नाहीत. त्या वर्षाचं नाव होतं श्रीमुख, म्हणजे मंगल चेहरा. आणि शार्वरीची मागची पाळी होती १९६०ची. त्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं, रोषणाईत आणि ढोलताशांत. रात्र नावाच्या वर्षी एवढा उजेड. नावं भविष्य सांगत नाहीत. हे एकदा स्वच्छ पाहिलं की मग खरं नवल दिसायला लागतं, आणि ते आभाळातलं आहे.

साठच का? गुरू सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांत पुरी करतो, शनी २९.४६ वर्षांत. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन, दोन्ही जवळपास साठ वर्षांत बसतात. आभाळात या दोघांची गाठ दर वीसेक वर्षांनी पडते, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी. तिसऱ्या गाठीला ते जवळपास जुन्या जागी येतात. फेब्रुवारी १९६१मध्ये गुरू-शनी मकर राशीत भेटले, तेव्हा शार्वरी संवत्सर सरत आलं होतं. मग २१ डिसेंबर २०२०च्या संध्याकाळी ते पुन्हा मकर राशीत इतके जवळ आले की नुसत्या डोळ्यांना जवळपास एकच तारा दिसावा. संवत्सर पुन्हा शार्वरी. साठ नावांची ही माळ गुरूच्या चालीवर ओवलेली आहे, आणि शनीची चालही तिच्याशी जवळपास जुळते. दुर्बीण नव्हती तेव्हा हे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागून पाहिलं, मोजलं, लक्षात ठेवलं.

त्यातही एक गंमत आहे. गुरूला एक रास ओलांडायला सरासरी ३६१ दिवस लागतात, आपल्या सौरवर्षाहून चारेक दिवस कमी. मूळ हिशेब गुरूचा असल्यानं सुमारे ८५ वर्षांनी एक नाव गाळावं लागतं. नर्मदेच्या उत्तरेला ते अजून गाळतात. दक्षिणेत हजारएक वर्षांपूर्वी हे गाळणं सोडून दिलं आणि नावं सरळ ओळीनं चालू ठेवली. त्यामुळे आज काशीच्या पंचांगातलं नाव आपल्या नावाच्या दहाहून अधिक घरं पुढं असतं. हा सगळा गुंता शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त उलगडून ठेवला आहे. शाळेत शिकवता शिकवता एका मराठी शिक्षकानं हे काम केलं. त्यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे नाव घराघरांत पोचतं कसं ते पाहा. पाडव्याला गावचा जोशी देवळात पंचांग वाचतो. संवत्सराचं नाव, त्याचं फळ, पाऊस किती. कडुलिंबाचा पाला तोंडात, कान त्याच्याकडे. पण तेवढ्यावर भागत नाही. वर्षभरात घरात कुठलीही पूजा मांडा, सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी आधी संकल्प सोडायला सांगतात. त्या संकल्पात आपण कुठल्या देशात बसलोय, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठल्या संवत्सरात, कुठल्या तिथीला, हे सगळं उच्चारून मगच काय करणार ते सांगायचं असतं. वर्षाचं नाव मोठ्यानं घेतल्याशिवाय हातातलं पाणी ताम्हनात सोडता येत नाही. वर्षाच्या शब्दाची याहून पक्की उजळणी मला कुठं दिसलेली नाही.

अणदूर हे गाव या सगळ्याच्या अगदी मधोमध आहे. तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाच्या शेजारी. तासाभरावर सोलापूर, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पोचणारं दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं त्याच सोलापुरातून निघतं. त्याच सोलापुरात बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीला भरते आणि होम मैदानावर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. त्याच्यापुढे धान्य, गूळ, बोरं, गाजरं असं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाकडे पाठ फिरवतं, गर्दीनं बुजतं की शांत उभं राहतं, यावरून येत्या सालातली महागाई, पाऊसपाणी यांचा अंदाज बांधतात. तिकडं बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा भाकणूक सांगतात.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो कर्नाटकातला मैलार. तुंगभद्रेच्या काठी, विजयनगर जिल्ह्यात. मैलार म्हणजे आपल्या खंडोबाचंच कानडी रूप, आणि नळदुर्गातलं खंडोबाचं ठाणंही मैलारपूर याच नावानं ओळखलं जातं. माघी पौर्णिमेच्या सुमाराला तिथं कारणिक होतं. आपल्याकडे वाघ्या असतो तसा तिकडे गोरवय्या. बरेच दिवस उपास धरलेला गोरवय्या उंच उभारलेल्या धनुष्यावर चढतो. खाली लाखोंचा समुदाय. वरून तो गप्प राहण्याची हाक देतो आणि क्षणात सगळं मैदान निःशब्द होतं. मग तो एकच वाक्य बोलतो. दोन-चार शब्दांचं, कोड्यासारखं. बोलून झालं की तो मागं कोसळतो आणि खालची माणसं त्याला झेलतात. वर्षासाठी एवढंच. त्यानंतर घरी परतताना, पारावर, बाजारात, लोक त्या वाक्याचा अर्थ लावत बसतात. पाऊस येणार की नाही, ज्वारी पिकेल का, सरकार टिकेल का.

वाक्य मुद्दाम मोकळं आहे, आणि त्याची ताकद त्यातच आहे असं मला वाटतं. अर्थ बंद असता तर लोकांनी तो ऐकून विसरून टाकला असता. तो उघडा आहे म्हणून वर्षभर प्रत्येक घटना त्याच्याशी ताडून पाहिली जाते.

अणदूरचा खंडोबा याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा शब्द देतो. तो कोड्यात नसतो. तो कागदावर असतो, आणि त्यात तारीख असते.

देव एक आणि देवळं दोन, अशी इथली गोष्ट आहे. एक देऊळ अणदूरचं, दुसरं नळदुर्गचं. खंडोबाची मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात राहते आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीनंतर देव पालखीतून नळदुर्गला जातात. पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो, भंडारा उधळून सगळा आसमंत पिवळा होतो, आणि मग देव परत अणदूरला येतात. मूर्ती हलवण्याआधी दोन्ही गावांचे मानकरी एकत्र बसतात आणि लेखी करार करतात. देव कधी न्यायचे, कधी परत आणायचे. दर वर्षी नव्यानं.

जरा थांबून विचार करा. देव आहे, भक्ती आहे, पिढ्यांची ओळख आहे, दोन्ही गावांना सगळं तोंडपाठ आहे. तरी कागद होतो. अविश्वासामुळे होतो असं म्हणणं मला उथळ वाटतं. देवावर दोन गावांचा सारखाच जीव आहे, आणि जिथं जीव सारखा असतो तिथं नुसत्या भावनेवर सोडलं तर भांडणच होणार. करारानं भावनेला दिवस नेमून दिला. देव गेल्यावर अणदूरकरांना ठाऊक असतं की ते परत कधी येणार. नळदुर्गकरांनाही ठाऊक असतं की देव आपल्याकडे पाहुणे नाहीत, हक्काचे आहेत, पण ठरल्या दिवसापर्यंत. आणि हे सगळं घडतं इंग्रजी सालाच्या सांध्यावर, डिसेंबर-जानेवारीत, इकडच्या शेतांत येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, असते त्याच हंगामात.

याच मुलुखात पाडव्याला आणखी एक ठराव होतो. सालगड्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पूर्वी किती धान्य, किती कपडे, किती रोख, आता मुख्यतः किती रोख, हे मालक आणि गडी चारचौघांसमोर ठरवतात. कागद होतोच असं नाही. शब्द पुरतो, कारण तो ऐकणारे समोर असतात. सालगड्याच्या आयुष्याला या बोलीत किती कमी जागा मिळाली आहे हे मी विसरत नाही. तरीही वर्षाचा शब्द माणसं एकट्यानं मनात धरत नव्हती, दुसऱ्याच्या तोंडावर देत होती, हे त्यातून दिसतं.

आता डोक्याच्या आत काय होतं ते. १९५३ साली कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानं माणसांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि सांगितलं, एका कानातलं ऐकून बोलत राहा. दुसऱ्या कानात काय बोललं जातंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. तिथली भाषा मधेच बदलली तरी कळलं नाही. पण १९५९मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या बेदखल कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव पेरलं, आणि तिघांतल्या साधारण एकाला ते ऐकू आलं. मेंदू सगळं गाळत बसलेला असतो, पण काही शब्दांना दार उघडं असतं. अ‍ॅन ट्राइझमन यांनी १९६०च्या दशकात याचं स्पष्टीकरण दिलं. नको असलेला आवाज पुरता बंद होत नाही, फक्त मंद होतो. जे शब्द आपल्यासाठी महत्त्वाचे असतात त्यांना आत यायला थोडासाच आवाज पुरतो.

कारणिक, संकल्प, सालाचं नाव या सगळ्यांचं काम मला इथं उलगडल्यासारखं वाटतं. शब्द बाहेरचं काही बदलत नाही. तो आपलं ऐकणं बदलतो. ज्यानं ‘पाणी’ हा शब्द वर्षासाठी धरला त्याला गळणारा नळ ऐकू येतो, कोरडा आड दिसतो, बोअर किती फुटांवर गेली ही शेजारची चर्चा कानावर पडते. हे सगळं आधीही तिथंच होतं. आणि एकच शब्द का, याचंही उत्तर याच वाटेवर आहे. नेल्सन कोवन यांनी २००१ साली दाखवलं की आपण मनात एका वेळी जेमतेम चार गोष्टी धरू शकतो. दहा संकल्पांची यादी तिथं मावत नाही.

पण शब्द ऐकवतो, करवून घेत नाही. तिथं अणदूरचा करार लागतो. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९मध्ये मांडलं की ‘मला हे करायचंय’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक ठिकाणी मी अमुक करीन’ म्हणणारा कितीतरी जास्त वेळा ते करतो. पुढे २००६ साली ९४ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही हा परिणाम ठसठशीत निघाला. दोन गावांच्या मानकऱ्यांनी प्रयोगशाळेविना हेच शोधलं होतं. करारात ‘भक्ती’ असं लिहून भागत नाही. कुठून, कुठं, कधी, हे लिहावं लागतं.

दोन्ही गोष्टी एकत्र आलेला एक शब्द अणदुरातच आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभ्या केलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं आसपासच्या खेड्यांतल्या, बेताचं शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांना नाव दिलं भारतवैद्य. शेतात राबणाऱ्या बाईला वैद्य म्हणणं हे नुसतं कौतुक नव्हतं. नावाबरोबर काम होतं, औषधं होती, आणि जिथं ते करायचं ते तिचं स्वतःचं गाव होतं. आशा कार्यकर्त्यांची सरकारी योजना २००५ साली आली. अणदूरच्या परिसरात बायका त्याआधीपासून भारतवैद्य हे नाव लावून दारोदार फिरत होत्या. नाव मोठं आणि काम नेमकं, ही जोडी मला फार मोलाची वाटते.

मग शब्द निवडायचा कसा? माझं मत विचाराल तर गोड शब्द टाळावेत. गोड शब्दाला काही विचारावं लागत नाही, म्हणून तो काही सांगतही नाही. १९ मार्च २०२६च्या पाडव्याला शके १९४८ लागतं, आणि त्याचं नाव आहे पराभव. कुणी हौसेनं निवडेल असा हा शब्द नाही. पण तो वर्षाच्या दारावर लिहिलेला असेल, आणि प्रत्येक पूजेत हातात पाणी घेऊन तो उच्चारावा लागेल. कशाचा पराभव? कुणाचा? माझा, की मी ज्याला इतकी वर्षं हरवू शकलो नाही त्या सवयीचा? मैलारच्या वाक्यासारखाच हा शब्द उघडा आहे. तो धरला तर मी करारासारखं त्याच्याखाली एक ओळ लिहीन: काय, कुठं, कोणत्या दिवशी. आणि ती ओळ ऐकायला किमान एक माणूस समोर बसवीन.

मागचं पराभव संवत्सर १९६६चं. देशात धान्याची टंचाई, परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहणं. त्याच साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं भारतानं आणलं, आणि ते पेरलं गेलं याच संवत्सराच्या रब्बीत. पुढच्या काही वर्षांत देशाच्या धान्याचं चित्र पालटलं ते त्या पेरणीपासून.

त्या सालच्या पाडव्यानंतर जन्मलेल्यांची साठी आता येते आहे. साठीशांत साठाव्या वर्षीच का करतात, याचं कारणही हेच. माणसाच्या जन्माचं संवत्सर फिरून पुन्हा दारात येतं. अणदुरात, नळदुर्गात, उमरग्यात ही माणसं तुम्हाला भेटतील. बहात्तरच्या दुष्काळात ती पहिलीच्या वयाची होती, किल्लारीच्या वेळी सत्ताविशीत, टाळेबंदीत पन्नाशी ओलांडलेली. त्यांच्यापैकी कुणाच्या साठीशांतीला जाणं झालं तर मला एक गोष्ट आवर्जून विचारायची आहे. बारशाच्या दिवशी घरात कुणी पंचांग उघडलं होतं का, आणि पाळण्यातल्या बाळाच्या सालाचं नाव वाचून घरातली वडीलधारी माणसं काय म्हणाली होती?